खुंटी पडेपर्यंत

खुंटी पडली, आणि लोलकबाईंनी घड्याळ पाहिलं.

एरवी संग्रहालयाच्या या घुमटाखाली खुंटी पडली की बाईंना बरं वाटायचं. पण आजची भलत्याच वेळी पडली. दोरा जाळून लोलक सोडला, बाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसून डोळ्यांवर चढवला, तोवर खट्‌! प्रदर्शनाचा ठेकेदार आणि त्याची माणसं टाळ्या वाजवू लागली. टाळ्या थांबायच्या आत शेजारची दुसरी खुंटीही आडवी झाली.

“कसं वाटलं, मॅडम?” संचालकांनी विचारलं. नवीन झगा घालून आलेल्या मुलीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं.

“हे काय आहे?”

“लोलक आहे. तुमचाच.”

“माझा लोलक अर्ध्या-पाऊण तासानं एक खुंटी पाडतो. हा शेंगा सोलल्यासारख्या पाडत सुटलाय.”

ज्यांनी असा लोलक कधी पाहिला नसेल, त्यांना थोडं सांगायला हवं. घुमटाच्या मधोमध एक लांबलचक तार खाली सोडलेली असते आणि तिच्या टोकाला कलिंगडाएवढा पितळी गोळा. खाली फरशीवर एक मोठं गोल कडं, आणि कड्यावर बोटभर उंचीच्या लाकडी खुंट्या उभ्या. गोळा एकदा झोके घेऊ लागला की आपली रेघ सोडत नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मुकाट. फिरते ती त्याच्या खालची फरशी, फरशीखालची इमारत, इमारतीखालचं शहर, म्हणजे आपली पृथ्वीच. तिच्या फिरण्यानं कड्यावरच्या खुंट्या हळूहळू गोळ्याच्या वाटेत येतात आणि एकेक करून पडतात. पृथ्वी फिरते हे एरवी पुस्तकात वाचून मानायचं असतं. इथं ते बसून बघता येतं, पण त्यासाठी बसावं मात्र लागतं.

या संग्रहालयात जुन्या दुर्बिणी होत्या, तराजू होते, हवेचा दाब मोजायच्या नळ्या होत्या. बाईंनी त्या सगळ्यांचा इतिहास लिहिला होता आणि त्या सगळ्यांच्या अभिरक्षक त्याच होत्या. पण शाळेच्या सहलींतल्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं लोलकबाई, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता तर पगारपत्रकावरचं नाव कुणी उच्चारलं तर बाई स्वतःच मागं वळून बघायच्या, की कुणाला हाक मारताहेत.

ठेकेदार कौतुकानं सांगू लागला. फरशी उकरून खाली चुंबकांचं कडं बसवलं होतं. गोळा पितळेचा, त्याला चुंबक कसा ओढणार? म्हणून गोळ्याच्या बुडाला लोखंडाची एक चकती बोल्टनं आवळली होती. संगणक सांगेल तसे चुंबक गोळ्याला हळूच वळवत नेणार. “दोन मिनिटांना एक खुंटी. रविवारी गर्दी असली तर मिनिटाला एक करू. तुम्ही सांगाल तसं.”

बाई कड्याजवळ सरकल्या. त्या तिसरी खुंटी पडताना बघत होत्या. मग चौथी. चौथी पडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं, आणि त्यांना जवळून ओळखणारं कुणी तिथं असतं तर ते दोन पावलं मागं सरकलं असतं.

“उलटा फिरतोय,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“आपल्याकडे लोलक घड्याळाच्या काट्यांसारखा सरकतो. उलटा सरकतो तो विषुववृत्ताच्या पलीकडे. तुम्ही संग्रहालयासकट अख्खं शहर उचलून तिकडे नेऊन ठेवलंत. आता घरी जायला विमान करावं लागेल.”

ठेकेदाराची माणसं खी खी करून हसली. ठेकेदारानं जीभ चावली. “अरेच्चा! आमचं मागचं काम तिकडचं होतं ना, तोच प्रोग्रॅम टाकला वाटतं यांनी. एक सेकंद हां.” त्यानं दोन बटणं दाबली. गोळा जरा भांबावल्यासारखा झाला, पेंगुळलेल्या माणसासारखा डोलला, आणि मुकाट दुसऱ्या बाजूच्या खुंट्यांकडे वळू लागला. “घ्या. झालं सुलट.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बाईंचं मात्र डोकं फिरलं. चूक झाली याचा त्यांना राग नव्हता. चूक इतक्या सहज दुरुस्त झाली याचा राग होता.

“एका बटणावर पृथ्वी उलटी-सुलटी फिरते होय?” त्या म्हणाल्या. “मग ती फिरते हे त्यातून काय कपाळ कळणार?”

संचालक त्यांना हाताला धरून, म्हणजे धरल्यासारखं करून, आपल्या खोलीत घेऊन गेले.

संचालक माणूस वाईट नव्हता. हॉटेलांच्या धंद्यातून आला होता, त्यामुळे येणारा माणूस खूश होऊन गेला पाहिजे हे त्याच्या रक्तात होतं. बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतः समोर न बसता शेजारी बसला.

“मॅडम, लोक येतात, वर बघतात, फोटो काढतात आणि जातात. खुंटी पडताना प्रत्यक्ष बघितलेला माणूस मला तुमच्याशिवाय भेटलेला नाही. वरचे लोक म्हणताहेत, घुमटाखाली खाण्यापिण्याचे स्टॉल टाका. मी तुमचं दालन वाचवतोय.”

“झोका टिकवायला चुंबक लावा, माझी काही हरकत नाही. हवेनं तो मंदावतो, त्याला बळ द्या. पण वळवू नका हो.”

“पृथ्वी फिरते हे खरंच आहे ना? मग आपण खोटं कुठं सांगतोय? आहे तेच जरा लवकर सांगतोय.”

“एखादीनं समोर बसून हिशेब मांडला, तर तिच्या हिशेबानं पृथ्वी दिवसातून कितीतरी वेळा गरगरलेली निघेल.”

“असला हिशेब कोण करतं, मॅडम?”

“मी केला होता.”

संचालकांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात दुसरी गोष्ट काढली. बाई येत्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्यांच्या मुदतवाढीचा कागद टेबलावरच होता. आणि बाईंचं पुस्तक, या शहरात उपकरणं बनवणाऱ्या, घासणाऱ्या, ओतणाऱ्या माणसांचा इतिहास, अर्ध्या आयुष्याचं काम, ते संग्रहालयातर्फे छापायचं म्हणून सगळं ठरलं होतं. “उद्याचं उद्घाटन नीट पार पडू दे. मंत्री येताहेत. दोरा तुमच्याच हातून जाळायचा आहे. दोन शब्द बोला. मग पुढचं सगळं माझ्याकडे लागलं.”

बाई उठल्या. धमकी असती तर त्यांनी तिथल्या तिथे पाणी पाजलं असतं. पण हे आमिष होतं, आणि आमिष त्यांना हवंहवंसं होतं, हीच पंचाईत होती.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा या घुमटाखाली मोडक्या कपाटांचा ढीग होता. घरच्यांना वाटायचं, पोरगी मेलेल्या वस्तूंची राखण करते. एक दिवस त्यांनी पाहिलं की मागचं फाटक वाऱ्यानं आपटू नये म्हणून पहारेकऱ्यानं त्याला एक काळा ठिक्कर पडलेला गोळा टेकवून ठेवलाय. येताजाता लोक त्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत. बाईंनी तो उलटा केला तर माथ्यावर आटे पाडलेलं भोक. फाटकाच्या धोंड्याला आटे कशाला असतील? त्या भोकावरून त्यांनी माग काढला. फार पूर्वी एका कॉलेजातल्या प्राध्यापकानं नळ बनवणाऱ्या कारखान्याकडून हा गोळा ओतून घेतला होता, भर बाजारातल्या सभागृहात टांगला होता आणि साऱ्या शहराला बोलावलं होतं. बातमीदार खुंटी पडायच्या आधीच कंटाळून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं, ‘प्रयोग फसला.’ झालं. गोळा तळघरात गेला, तिथून फाटकाला. खुंटी पडली होती हे कारखान्यातल्या ओताऱ्यांना ठाऊक होतं, कारण आपण ओतलेला गोळा काय करतो ते बघायला ते शेवटपर्यंत बसले होते. पण त्यांना कुणी विचारलं नाही. बाईंनी गोळा पुन्हा टांगला आणि पहिल्यांदा या माणसांबद्दल लिहिलं. त्या लिहिण्यातूनच पुढं पुस्तक झालं.

आणि एक नेम त्यांनी कधी मोडला नाही. लोलक हातानं सोडायचा नाही. हात कितीही सरळ म्हटला तरी थोडी आपली मर्जी चालवतोच. कात्रीनं दोरा कापला तरी हिसका बसतो. म्हणून गोळा एका बाजूला ओढून सुती दोऱ्यानं बांधायचा, तो पूर्ण निश्चल होईपर्यंत वाट बघायची, आणि मेणबत्तीनं दोरा जाळायचा. म्हणजे पुढं जे होईल त्यात माणसाचा काही हात नाही. रोज सकाळी दोरा जाळायचा आणि संध्याकाळी पडलेल्या खुंट्या पुन्हा उभ्या करायच्या, बाईंची सगळी नोकरी या दोन कामांच्या मध्ये बसवलेली होती.

घरी ताई वाट बघत होती. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. हॉस्पिटलात नर्स म्हणून उभी हयात काढलेली, त्यामुळे बोलण्यात इंजेक्शनसारखी सरळ. दोघीच बहिणी, दोघींनीही लग्नं केली नाहीत, आणि एकमेकींना त्याची कारणं विचारायची नाहीत असा करार होता. बाईंनी चहा घेता घेता सगळं सांगितलं.

“मग अडलं कुठं?” ताई म्हणाली. “डोळे मीट आणि जाळ दोरा. पुस्तक छापून घे. त्या गोळ्यापायी म्हातारी झालीस, आता त्यानं काही दिलं तर घे की.”

“हो. तेच म्हणतेय मी.”

“तोंड तर तसं दिसत नाही.”

बाई कप घेऊन खिडकीशी गेल्या. ताई मागून बोलत राहिली, आणि बोलता बोलता भलतीकडेच वळली.

“तुझा तो गोळा मला कधी आवडला नाही, खरं सांगते. बाबा आजारी होते तेव्हा रात्रंदिवस उशाशी कोण होतं? मी. कूस कोण बदलायचं? मी. आणि तू संध्याकाळी आलीस की ते तुला विचारणार, ‘आज किती फिरलो?’”

बाबांनी जन्मभर बस चालवली होती. बाईंचं संग्रहालय बघायला ते एकदाच आले होते. लोलकासमोर स्टूल टाकून बसले आणि खुंटी पडेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आत्ता आपण फिरलो?” बाई म्हणाल्या, “हो.” बाबा म्हणाले, “मी एवढी वर्षं स्टिअरिंग फिरवलं, पण असं कळू न देता वळण घेणारा ड्रायव्हर नाही पाहिला.” पुढं अंथरूण धरलं तेव्हा बाई घरी आल्या की त्यांचा तो एक प्रश्न ठरलेला होता, आणि बाई त्या दिवशीच्या खुंट्या मोजून सांगायच्या.

“एकदा तुला यायला उशीर झाला,” ताई म्हणाली. “ते सारखं विचारत होते. मनात म्हटलं, कशाला हे जीव खाताहेत, काहीतरी सांगून टाकावं. म्हटलं, ‘बाबा, आज शंभर खुंट्या पडल्या. भरपूर फिरलात. झोपा आता.’ तर ते हसले गं. अंगात ताकद नव्हती, तरी हसले. म्हणाले, ‘शंभर पडत नसतात. धाकटीला येऊ दे.’ आणि जागे राहिले.” ताईनं रिकामी बशी उगाच पुसली. “मला त्यांचा राग आला होता. तुझा त्याहून जास्त.”

बाई खिडकीशी तशाच उभ्या राहिल्या. ताईला वाटलं, आपण लागेल असं बोललो. पण बाई वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा ताईला लहानपणी माहीत होता तसा झाला होता, शाळेत शिक्षकांशी भांडून आल्यावर व्हायचा तसा.

“ताई, उद्या येशील कार्यक्रमाला?”

“मी? तिथं माझं काय काम?”

“बसायचं. दुसरं काही नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी पोचल्या. लोलकाजवळ बाई दिसल्या तर पहारेकऱ्याला त्यात काय वावगं वाटणार? देवळात पुजारी दिसावा तसंच ते. त्यांनी पर्समधून पाना काढला, गोळ्याच्या बुडाचा बोल्ट सोडवला आणि लोखंडी चकती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. मग गोळा दोऱ्यानं बांधला. पर्सच्या ओझ्यानं उद्घाटन होईपर्यंत त्यांचा एक खांदा खाली झुकलेला होता, आणि मान मात्र नेहमीपेक्षा ताठ होती.

घुमट माणसांनी भरला. मंत्री आले, हार झाले, संचालकांचं भाषण झालं. ताई मागच्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी. संचालकांनी बाईंच्या हातात मेणबत्ती दिली. दोरा जळला. गोळा सुटला आणि गंभीरपणे आपल्या वाटेला लागला. लोकांनी मोबाइल वर धरले.

दोन मिनिटं गेली. मग आणखी दोन. मोबाइल धरलेले हात दुखू लागले आणि एकेक करून खाली आले. कोपऱ्यात ठेकेदार बटणं दाबत होता, आधी एका बोटानं, मग दहाही बोटांनी. संचालक हसरा चेहरा जराही न हलवता बाईंच्या कानाशी पुटपुटले, “मॅडम, काय झालंय?”

बाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

“लोलक बिघडलेला नाही,” त्या म्हणाल्या. “तो बिघडवायचं घाटत होतं, ते मी होऊ दिलं नाही.” त्यांनी पर्समधून रुमाल काढला, उलगडला आणि चकती टेबलावर ठेवली. ठण्ण आवाज ध्वनिक्षेपकातून घुमटभर घुमला. “ही लावली की खालचे चुंबक गोळ्याला ओढत नेतात. दोन मिनिटांना खुंटी पडते आणि तुम्ही टाळ्या वाजवून घरी जाता. पण मग तुम्ही पाहिलेलं असतं ते चुंबकांचं फिरणं. ही चकती मी काढली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनानं काढली. पृथ्वी फिरताना बघायची असेल तर बसा. नसेल वेळ तर तेही समजण्यासारखं आहे. पण ती फिरते कशी हे तुम्हाला खोटं दाखवायचं काम माझ्याकडून होणार नाही.”

मंत्री मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “किती वेळ लागेल, बाई?”

“अर्धा-पाऊण तास.”

“म्हणजे पृथ्वीचं कामही आमच्या खात्यासारखंच दिसतंय.”

लोक हसले. बाईही हसल्या. “नाही साहेब. ती एकदाही थांबलेली नाही.”

आता लोक जास्त हसले. मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं, बाईंना नमस्कार केला आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. त्यांच्यामागून फोटोवाले गेले, फोटोवाल्यांमागून फोटोत यायचं होतं ते गेले. खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. बाई कड्याजवळ उभ्या होत्या. जाणाऱ्यांकडे त्यांनी पाहिलं नाही असं नाही. आयुष्यभराचं काम पाठ फिरवून दाराबाहेर जाताना दिसलं तर कुणाला बरं वाटेल? त्यांना त्या फार पूर्वीच्या प्राध्यापकाची आठवण झाली, आणि पहिल्यांदाच असं वाटलं की आपण त्याच्याबद्दल लिहिलं ते सगळं बाहेरून लिहिलं.

राहिली ती मूठभर माणसं. झोपलेलं बाळ खांद्यावर टाकलेलं एक जोडपं होतं, उठलं असतं तर बाळ जागं झालं असतं म्हणून असेल. पहारेकरी होता. दोन कॉलेजच्या मुली होत्या. ठेकेदाराचा पिकल्या मिशांचा वायरमन होता. ठेकेदारानं त्याला दोनदा हाक मारली, तर तो म्हणाला, “आलोच, साहेब, एवढं बघून,” आणि त्यानं फरशीवर बैठक मारली. आणि ताई होती.

संचालक जवळ आले. रागानं त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज चढलेला नव्हता.

“मुदतवाढ विसरा, मॅडम. पुस्तकाचंही आता मला काही करता येणार नाही.”

“पुस्तकाला घाई नाही,” बाई म्हणाल्या. “या गोळ्याच्या सहवासात एवढं तरी शिकलेय. कुठंतरी छापेन. नाहीच छापलं कुणी, तर एकेक पान वाचून दाखवत हिंडेन.”

“माझं काय होईल याचा विचार केलात?”

“केला. आणि तरी चकती काढली.”

संचालक जायला वळले. पण गेले नाहीत. एका खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले.

गोळा येत होता आणि जात होता. आता त्याच्या बुडाचं टोक एका खुंटीच्या अगदी जवळून जाऊ लागलं. मुलींपैकी एक हळूच म्हणाली, “आता पडेल.” नाही पडली. वायरमन गुडघ्यावर आला. पुढच्या झोक्याला टोक खुंटीला नुसतं चाटून गेलं आणि खुंटी शहारली. लोलक लांब गेला, परत आला. खुंटी पुन्हा शहारली, आणि उभी राहिली. जोडप्यातल्या नवऱ्यानं बायकोचं मनगट पकडलं होतं. लोलक पुन्हा लांब गेला, आणि परत आला.

खट्‌.

इतका बारीक आवाज, पण बाळ दचकून जागं झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वायरमन आपल्या पायाखालच्या फरशीकडे बघत होता. संचालकांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, ते त्यांनी बाईंचं लक्ष जायच्या आत मिटलं. बाईंचं लक्ष गेलं होतं.

संचालकांनी पुढं येऊन हात पसरला. बाईंनी टेबलावरची चकती त्यांच्या हातावर ठेवली.

“उद्या पुन्हा बसवणार?”

“बसवावी लागेल, मॅडम.” ते खाली बघत म्हणाले.

“बसवा. दोरा मी जाळणार नाही. आणि दिशा तेवढी तपासून घ्या.”

हळूहळू माणसं उठली. उठताना प्रत्येकजण त्या आडव्या खुंटीकडे एकदा बघून गेला. ताई शेवटी उठली, गुडघे चोळत कड्यापाशी आली आणि बाईंच्या शेजारी उभी राहिली. बराच वेळ ती गोळ्याचं येणंजाणं बघत होती. मग पर्सच्या बंदाशी चाळा करत, बहिणीकडे न बघता तिनं विचारलं,

“काय गं, किती फिरलो आज?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. सकाळपासून कुणापुढं डगमगलेल्या नव्हत्या, त्या इथं डगमगल्या.

“एक खुंटी, ताई.”

“एकच?”

“एकच.”

“मग खरं असणार,” ताई म्हणाली.

बाई सवयीनं वाकल्या. पडलेल्या खुंट्या उभ्या करायचं काम त्यांचंच होतं. हात खुंटीपर्यंत गेला, आणि त्यांनी तो मागं घेतला. खुंटी होती तशी आडवी राहू दिली. दोघी बहिणी दाराकडे निघाल्या तेव्हा लोलक झोके घेतच होता, आणि त्याची रेघ पुढच्या खुंटीच्या दिशेनं थोडी सरकलेली होती.